तुम्ही विचारलंत म्हणून: ओटीटी कुठलं घ्यायचं?

वाईत मला नावाने थोडे लोक ओळखतात, ‘केबलवाले’ म्हणून सगळे. 1996 साली गंगापुरीतल्या पत्र्याच्या खोलीत डिश आणि अ‍ॅम्प्लिफायर मांडून सुरुवात केली, आता फायबरचं इंटरनेट देतो. धंदा बदलला, घरं तीच आहेत. त्यामुळे किराणा घेताना, लग्नाच्या पंगतीत, सकाळी घाटावर फिरताना एक प्रश्न हमखास येतो: “भाऊ, ओटीटी कुठलं घ्यायचं?” ओटीटी म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे, मालिका, मॅच दाखवणारं वर्गणीचं ॲप.

उभ्या उभ्या मी काहीतरी सांगून मोकळा होतो आणि घरी आल्यावर वाटतं, नीट सांगितलं नाही. म्हणून आज बसून लिहितोय.

माझं उत्तर असं आहे. घेण्याआधी ते बंद कसं करायचं हे बघून ठेवा. ते जमलं की मग तुम्हाला जी मालिका, जो सिनेमा किंवा जी मॅच बघायचीय ती जिथे असेल ते घ्या. एका वेळी एकच घ्या, आणि मिळत असेल तर एका महिन्याचंच घ्या.

हे मी एका काकूंकडून शिकलो.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू दुकानात आल्या. निवृत्त शिक्षिका, पेन्शनवर घर चालतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पासबुक काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अरे, हे कुणाला गेले रे?” ओळीत यूपीआय, मग आकडेच आकडे आणि शेवटी अर्ध्यात तुटलेलं एका ॲपचं नाव. पूर्ण वर्षाची वर्गणी वळती झाली होती. आदल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. मॅच बघायची म्हणून आजीच्या फोनवरून त्याने ते ॲप घेतलं आणि जाताना शहाण्यासारखं फोनमधून काढूनही टाकलं. ॲप काढलं म्हणजे विषय संपला, असं दोघांनाही वाटलं होतं.

तो तसा संपत नाही. ॲप फोनमधून उडवलं तरी पैसे आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, म्हणजेच ऑटोपे, जिवंत राहते. पैसे कापण्याआधी निदान 24 तास ग्राहकाला कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 2021 च्या ऑक्टोबरपासून आहे. पण 15,000 रुपयांपर्यंतच्या अशा कापणीला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे मेसेज वाचला तरच कळणार. मी काकूंच्या फोनमध्ये शोधलं तर मेसेज आलेला होता. इंग्रजीतला, गॅसच्या नंबराचा मेसेज आणि बँकेच्या कर्जाची जाहिरात यांच्या मधोमध. काकूंनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. “हा मला आला होता?” एवढंच म्हणाल्या.

ही बाई रोजचा दुधाचा हिशेब डायरीत लिहिते. निष्काळजी तर मुळीच नाही. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जी शरम दिसली ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

आम्ही पैसे भरायचं ॲप उघडलं. कोपऱ्यातल्या फोटोवर बोट, खाली ‘ऑटोपे’, आत एकच ओळ: चालू. ती दाबली, खाली रद्द करायचं बटण आलं, मग पिन. काकूंनी डाव्या तळव्याचा आडोसा करून पिन टाकला. “झालं बंद?” “झालं.” त्यांनी पिशवीतून डायरी काढली आणि तारीख घालून लिहून ठेवलं. गेलेले पैसे मात्र आले नाहीत. मी त्यांच्या वतीने कंपनीला दोन ईमेल केले. पहिल्याला आपोआप येणारं उत्तर आलं, दुसऱ्याला ‘आमच्या धोरणानुसार परतावा देता येत नाही’ असं.

बंद करायच्या मुख्य जागा तीन असतात, हेही सांगून टाकतो. यूपीआयने भरलं असेल तर वर लिहिलं तसं ऑटोपेमध्ये. फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर त्या स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर. आणि माझ्यासारख्याकडून इंटरनेटच्या पॅकबरोबर आलं असेल तर माझ्याकडे या. बहुतेक ॲपमध्ये रद्द केल्यावरही भरलेल्या मुदतीपर्यंत बघता येतं, म्हणून मी स्वतः ज्या दिवशी घेतो त्याच दिवशी रद्द करून टाकतो. पॅकमध्ये ‘फुकट’ मिळतं असं कुणी सांगितलं तर त्याच वेगाचा साधा पॅक केवढ्याला आहे ते आधी विचारा. मी विकतो म्हणूनच सांगतोय.

केबलच्या काळात हे सोपं होतं. प्रत्येक घराचं एक कार्ड असायचं, दाराच्या मागे खिळ्याला अडकवलेलं. महिन्याला पोरगा जायचा, पैसे घ्यायचा, कार्डावर सही करायचा. “पुढचा महिना लेकीकडे चाललोय, बंद ठेव” असं कुणी जिन्यावरून ओरडून सांगितलं की झालं. पावसाळ्यात वीज पडून अ‍ॅम्प्लिफायर जळायचे तेव्हा लोक घरी येऊन मला चार शब्द सुनवायचे, आणि तो त्यांचा हक्क होता. आज वर्गणी अडकली तर कुणाच्या दारात जायचं?

त्या काळाचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. नवा सिनेमा रात्री साडेनऊला लोकल चॅनलवर आम्हीही लावायचो, कुणाची परवानगी न घेता. शेजारच्या टॉकीजचं त्यात किती नुकसान झालं हे तेव्हा मनात आलं नाही. आता येतं आणि वाईट वाटतं. म्हणूनच टेलिग्रामवर सगळं मिळतं असं सांगणाऱ्या पोरांना मी ठामपणे नको म्हणतो. पण ती पोरं तिकडे का जातात हेही मला दिसतं. एकाला एक मराठी सिनेमा बघायचा होता. त्याच्याकडे दोन ॲप होती, सिनेमा तिसऱ्यावर. एका सिनेमासाठी तो तिसरी वर्गणी भरेल?

सिनेमा असा फिरतो कारण ॲप तो कायमचा विकत घेत नाही. ठरावीक वर्षांचे हक्क घेतं. मुदत संपली की सिनेमा दुसरीकडे जातो. एचबीओ या अमेरिकी चॅनलच्या मालिकांसाठी हॉटस्टार घेतलेल्यांना 31 मार्च 2023 पासून त्या तिथे मिळेनात, पुढे त्या जिओसिनेमावर गेल्या. आणि 14 फेब्रुवारी 2025 ला ही दोन्ही ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं.

क्रिकेटवर लोक सगळ्यात जास्त चिडतात. आयपीएलचे 2023 ते 2027 या पाच वर्षांचे हक्क टीव्ही आणि डिजिटल मिळून 48,390 कोटींना गेले. डिजिटलवाल्यांनी 2023 आणि 2024 ला मॅच फुकट दाखवल्या. घरोघरी मोबाइलवर मॅच बघायची सवय लागली. 2025 ला थोडा वेळ फुकट आणि पुढे पॅक. एवढे कोटी मोजलेत म्हटल्यावर कुणीतरी ते भरणारच, हे मला कळतं. पण सवय लावून मग दार लावणं मला पटत नाही, धंद्यातला माणूस असूनही.

दर सगळीकडे वरच गेले असंही नाही. नेटफ्लिक्सने 2021 च्या डिसेंबरात फोनवरचा प्लॅन 199 वरून 149 ला आणला आणि टीव्हीवर चालणारा बेसिक 499 वरून थेट 199 ला. त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइम वर्षाला 999 वरून 1,499 झालं. पुढे 2025 च्या जूनपासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या, आणि त्या नको असतील तर तेव्हा वर्षाला आणखी 699 ठेवले. माझी मुलगी म्हणते, पैसे भरले तर जाहिरात का? केबलवरही पैसे भरून जाहिराती असायच्या, हे मी तिला सांगितलं. तिचं म्हणणं, “पण बाबा, इथे त्या नव्हत्या, म्हणून तर आपण घेतलं.” यावर मला बोलता आलं नाही.

फोनपुरत्या प्लॅनची तर दर आठवड्याला एक तक्रार येते. एका रिक्षावाल्या मित्राने बायकोच्या वाढदिवसाला म्हणून सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला. घरात नवा 43 इंची टीव्ही, सगळे जेवण उरकून बसले आणि पडद्यावर सूचना: हा प्लॅन या उपकरणावर चालत नाही. रात्री साडेनऊला मला फोन. ‘मोबाइल’ असा शब्द होता म्हणे प्लॅनच्या नावात. होता, पण बायको-पोरांसाठी घेणाऱ्याला तो कसा सुचणार? त्यात फोनचा रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर एचडी चित्र तासाला 3 जीबीपर्यंत खातं. अर्ध्या तासात दिवसाचं नेट खलास.

मॅच उशिरा दिसते, याबद्दल माझ्या लाइनवर राग काढतात. डिशवाल्या शेजाऱ्याच्या घरातून ‘आउट’ची आरोळी येते तेव्हा तुमच्याकडे बोलर अजून रनअपवर असतो. त्यात लाइनचा दोष नाही. इंटरनेटवर चित्र काही सेकंदांचे तुकडे करून येतं आणि अडखळू नये म्हणून ॲप ते थोडे साठवून मगच दाखवतं. मॅचसाठीच घेणार असाल तर घरची डिश बंद करायची घाई करू नका.

कायद्याचं विचाराल तर 1 फेब्रुवारी 2019 ला ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, चॅनलचा नवा दरनियम आला. तेव्हा शंभर चॅनलच्या जोडणीला 130 रुपये होते, करासह 153 रुपये 40 पैसे, आणि पुढे ज्याला जे चॅनल हवं त्याची छापील किंमत. मी आणि मुलीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तीनशेवर घरांचे फॉर्म भरले. बिलं वाढली म्हणून लोकांनी मलाच शिव्या घातल्या. पण कुठल्या चॅनलला किती, हे प्रत्येकाला पहिल्यांदा कळलं. कागद हातात घेऊन आजीबाई म्हणायच्या, “हे दोन काढ, आमच्याकडे कुणी बघत नाही.” ओटीटीच्या दराला हा नियम लागू नाही. मात्र 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांना मनाई केली. वर्गणीत अडकवून ठेवणं, रद्द करायची वाट लपवणं हा त्यातला एक प्रकार. तुमच्याबाबत तसं झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. काकूंच्या वेळी मला हा नंबर आठवला नाही, याची चुटपुट आहे.

लोकांना काय हवंय हे मी रोज ऐकतो आणि ते फार मोठं नाही. पैसे कापण्याचा मेसेज मराठीत यावा. एका सिनेमाचं तिकीट काढावं तसे एकाच सिनेमाचे पैसे भरता यावेत. ही सोय काही ठिकाणी आहे, पण हवा तो मराठी सिनेमा तिथे क्वचित सापडतो. गावाला गेलं की महिनाभर थांबवता यावं. आणि म्हाताऱ्या माणसाला रिमोटवर मराठी अक्षरांत नाव शोधता यावं. इंग्रजी स्पेलिंग चुकलं की समोर असलेला सिनेमाही ‘सापडत नाही’ म्हणून येतो.

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने 20 नोव्हेंबर 2024 ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला ‘वेव्हज’ हे ॲप आणलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्यात दूरदर्शनचे जुने कार्यक्रम आहेत, मराठीतही आहे आणि बरंचसं फुकट आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. अर्ध्या शतकाची नाटकं, गाणी, मुलाखती, त्यातलं जे जपलं गेलंय ते सगळं एका ठिकाणी नीट लावून मिळालं तर आमच्या पिढीतली कितीतरी माणसं त्यासाठी आनंदाने पैसे मोजतील. मी तर पहिला.

काकूंनी या महिन्यात परत एक ॲप घेतलंय, एका महिन्याचं, एका मालिकेसाठी. घेतल्या घेतल्या दुकानात येऊन माझ्यासमोर रद्द केलं आणि डायरीत संपायची तारीख लिहिली. मालिका मी विचारली तर म्हणाल्या, “संपली की सांगते, आत्ताच नको.”

तुमचंही काही अडकलं असेल तर फोन आणि पासबुक घेऊन या. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, बाकी वेळ मी असतो.