पाच आठवडे अडलेली वायर

बाबा नोव्हेंबरमध्ये सांगलीहून आमच्याकडे येणार होते. थंडीत त्यांचे गुडघे धरतात. मागच्या अंगणातल्या पूलला जोडून स्पा, म्हणजे गरम पाण्यात बसायचं छोटं टाकं आहे, तो हिवाळ्यातही गरम राहावा म्हणून बिघडलेल्या गॅस हीटरच्या जागी विजेवरचा हीट पंप घेतला. निवडणं, पैसे भरणं, यंत्र घरी येणं, आठ दिवसांत सगळं उरकलं. पुढचे पाच आठवडे ते खोक्यातच पडून होतं. त्याला वीज जोडून द्यायचा अधिकार कुणाला आहे, एवढी एकच गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतो. जूनमध्ये पूलच्या पंपाची मोटर जळली तेव्हा पूल कंपनीचा माणूस तासाभरात नवी बसवून गेला होता. त्यामुळे हीट पंपासाठीही त्यालाच बोलावलं. त्याने पॅनेल उघडून पाहिलं आणि म्हणाला, नवा पन्नास अँपियरचा ब्रेकर टाकतो, इथून वायर ओढतो, शनिवारी काम संपेल. शहराच्या परवानगीचं, म्हणजे परमिटचं विचारलं तर म्हणाला, एवढ्याशा कामाला कोण परमिट काढतं? हे ऐकून मला स्वस्थ बसवेना. त्याचा लायसन्स नंबर मागून घेतला आणि रात्री टीडीएलआर, म्हणजे राज्याच्या लायसन्स खात्याच्या साइटवर टाकून पाहिला.

लायसन्स खरं होतं, चालू होतं. पण प्रकार होता ‘रेसिडेन्शियल अप्लायन्स इन्स्टॉलर’. सगळी गोम इथेच आहे. या लायसन्सवर घरातली उपकरणं बसवता येतात, पूलची विजेची उपकरणंही त्यात येतात, पण ती आधीपासून असलेल्या सर्किटला जोडायची असतील तरच. जूनमधली मोटर त्यात बसत होती. पॅनेलमध्ये नवा ब्रेकर टाकून नवं सर्किट ओढणं त्यात बसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच लागतो, आणि त्याच्याकडे मास्टर इलेक्ट्रिशियन नेमलेला असावा लागतो. त्या मास्टरच्या लायसन्समागे 12,000 तासांचं काम असतं, त्याच्या खालच्या पायरीवरच्या जर्नीमन इलेक्ट्रिशियनच्या मागे 8,000.

मी पूल कंपनीला फोन केला. ‘आमचा माणूस लायसन्सवाला आहे,’ एवढं एकच वाक्य मला तीन वेगवेगळ्या लोकांनी ऐकवलं. लायसन्स आहे हे मी नाकारतच नव्हते. कुठल्या कामाचं आहे, हे विचारत होते. प्रत्येक वेळी ‘मॅनेजर फोन करतील’, आणि मॅनेजरचा फोन नाही. यात पंधरा दिवस गेले. अजूनही आठवलं की राग येतो. पाण्याशेजारच्या विजेचा प्रश्न होता, आणि त्या पाण्यात माझे सत्तरी ओलांडलेले वडील उतरणार होते.

आमच्या ओळखीतले एक काका म्हणाले, ‘अगं, स्वतःच्या घरात स्वतः केलं तर लायसन्स लागत नाही.’ हे अर्धं खरं आहे. मालक स्वतः त्या घरात राहत असेल तर राज्याचा कायदा त्याला सूट देतो, पण त्या कामाला शहराचा स्वतःचा नियम असेल तर ती सूट उरत नाही. आमच्या शहराचा नियम होता. नसता तरी मी हे काम घरच्या कुणाला करू दिलं नसतं.

शेवटी एक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर मिळाला. त्याच्या गाडीवर दोन्ही बाजूंना ‘टीईसीएल’, म्हणजे राज्याचं इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, आणि पुढे त्याचा नंबर होता. पूलवाल्याच्या गाडीवर काय लिहिलंय, ते मी जूनमध्ये पाहायला हवं होतं. वाटलं, सुटलो. तर शहराच्या खिडकीवरून परमिटचा अर्ज परत. कारण काय, तर राज्याचं लायसन्स असलं तरी कॉन्ट्रॅक्टरची आमच्या शहरात वेगळी नोंदणी लागते, आणि ती त्याची झालेली नव्हती. नोंदणीसाठी विम्याचा कागद हवा, तो त्याच्या एजंटकडून यायचा. आला, तर त्यावर पत्ता जुना. पुन्हा परत. या एका कागदापायी तीन आठवडे गेले. रोज सकाळी चहा घेताना खिडकीतून ते खोकं दिसायचं. तुम्ही कुणाला काम देणार असाल तर पहिल्याच फोनवर विचारा: आमच्या शहरात तुमची नोंदणी आहे का?

परमिट हातात आलं आणि काम एका दिवसात झालं. त्या दिवशी मला जे समजलं ते आधी कळलं असतं तर मी पूल कंपनीशी जास्त ठामपणे बोलले असते. पूलवाला म्हणायचा, ‘अर्थिंग आहे ना, मग झालं.’ पण पूलला बाँडिंगही लागतं, आणि ते वेगळं. पंप, हीटर, शिडी, काँक्रीटमधल्या सळ्या, काठाची फरशी, हे सगळं आठ गेजच्या भरीव तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधतात. कुठे गळती झालीच तर सगळीकडे विजेचा दाब सारखा राहतो, आणि ओल्या काठावर उभं राहून शिडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जात नाही. आमचा जुना गॅस हीटर काढताना कुणीतरी ती तार तशीच मातीत सोडून दिली होती. इलेक्ट्रिशियनने ती उकरून काढली, हीट पंपाच्या बाहेरच्या क्लॅम्पला घट्ट आवळली आणि मला हात लावून पाहायला सांगितलं. शनिवारच्या त्या कामात ही तार कुणी शोधलीच नसती, याची मला खात्री आहे.

वायरचा पाइप पुरायला खणलेली चर बुजवायची घाई करू नका. इन्स्पेक्टरला पाइप उघडा दिसावा लागतो. आमचा प्लास्टिकचा पाइप अठरा इंच खोल होता, ते त्याने टेप लावून मोजलं. आणि दिवाळीचं राहिलंच: माळा लावायला पूलजवळचा प्लग वापरत असाल तर तो पाण्याच्या आतल्या भिंतीपासून निदान सहा फूट दूर आणि जीएफसीआयचा, म्हणजे गळती ओळखून वीज बंद करणारा आहे ना, ते बघा. पाच-सहा मिलिअँपियरच्या गळतीलाच तो वीज तोडतो. ‘टेस्ट’चं बटण महिन्यातून एकदा मी स्वतः दाबते.

इन्स्पेक्टरने मंगळवारी सही केली, बाबा गुरुवारी येऊन पोहोचले. शनिवारी संध्याकाळी ते स्पामध्ये बसले आणि वीस मिनिटं बाहेर यायचं नाव घेईनात.