एप्रिलमध्ये वाहणारं पावसाळी गटार

पुण्याची रामनदी खाटपेवाडीजवळ उगम पावते आणि भूकूम, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर असा सुमारे 19 किलोमीटरचा प्रवास करून मुळा नदीला मिळते. या पट्ट्यातल्या सोसायट्यांचं पावसाळी गटार वाटेत कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. ते जवळच्या ओढ्यात उतरतं, ओढा नदीत, आणि पुढे मुळा-मुठा, भीमा करत तेच पाणी उजनी धरणात पोचतं. मैलापाण्याची लाइन वेगळी असते. या दोन लाइन कुठे एक झाल्यात ते शोधणं, हे नदीकाठच्या सोसायटीने करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम आहे. नदीकाठची साफसफाई चांगलीच, पण वरून फेस येत राहिला तर ती पुरत नाही.

पुण्यात एप्रिलमध्ये पावसाळी चेंबर कोरडंठाक असायला हवं. वळवाची सर येऊन गेली असेल तर चार दिवस थांबा. मग सकाळी 7 ते 9 या आंघोळी-कपड्यांच्या वेळात दोघांनी मिळून झाकण उघडा. आत कुणीही उतरायचं नाही. आत विषारी वायू साठलेला असू शकतो आणि एका दमात माणूस बेशुद्ध पडतो. वरून टॉर्च मारला तरी पुरेसं दिसतं.

पाणी राखाडी असेल, वर फेस असेल आणि साबणाचा वास येत असेल तर ते कपड्यांचं. तेलाचा तवंग आणि भाताची शितं दिसली तर स्वयंपाकघराचं. दुधाळ पांढरं पाणी बहुतेक वेळा बांधकामावरचं, सिमेंटची भांडी धुतलेलं. स्वच्छ, बिनवासाचं पाणी सतत वाहत असेल तर दोन शक्यता: तळघरात झिरपणारं भूजल पंपाने बाहेर टाकलं जातंय, किंवा पिण्याच्या पाण्याची लाइन फुटली आहे. पोहण्याच्या तलावासाठी मिळणाऱ्या क्लोरीन किटने हे कळतं. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर ते नळाचं.

कपड्यांचं पाणी निघालं तर आधी बाल्कन्या बघा. वॉशिंग मशीन ड्राय बाल्कनीत मावत नाही म्हणून पुढच्या बाल्कनीत येतं आणि त्याचा पाइप तिथल्या जाळीत सोडला जातो. ती जाळी मात्र फक्त पावसासाठी, तिचा उभा पाइप थेट पावसाळी चेंबरला जोडलेला. खात्रीसाठी बादलीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा हिरवा रंग घालून त्या जाळीत ओता, दुसऱ्याने खाली चेंबरपाशी उभं राहावं. एका उभ्या पाइपनंतर दुसरा तपासताना 15 मिनिटं जाऊ द्या, नाहीतर कुठला रंग कुठून आला ते कळत नाही. होळीचा रंग वापरू नका, तोच ओढ्यात जातो.

दुरुस्ती करताना बरेच प्लंबर तो आख्खा उभा पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडून मोकळे होतात. हे चुकीचं आहे. मग गच्चीचा सगळा पाऊस मैलापाण्याच्या लाइनमध्ये शिरतो आणि जुलैत तळमजल्याच्या संडासातून उलटा वर येतो. फक्त मशीनचा पाइप बाथरूमच्या लाइनला न्यायचा, मध्ये ट्रॅप (थोडं पाणी धरून गटाराचा वास अडवणारं वळण) बसवायचा. ट्रॅप नसला की घरात वास येतो आणि महिन्याभरात कुणीतरी पाइप पुन्हा जाळीत सोडतं. भाडेकरू बदलतात, त्यामुळे तपासणी दरवर्षी हवी.

तुमचं चेंबर कोरडं आणि पुढचं, रस्त्यावरचं वाहतं असेल तर तीन वेगवेगळ्या दिवशी तारीख-वेळेसह फोटो काढा, चेंबरची जागा नकाशावर दाखवा आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. "नदी घाण आहे" या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. "या दोन चेंबरच्या मध्ये मैलापाणी शिरतंय" म्हटलं की माणूस पाठवता येतो.

पार्किंगची जाळीही पावसाळी गटारालाच जाते. गाडी तिथे साबणाने धुवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुनं इंजिन ऑइल गॅरेजलाच परत द्या.

गच्चीचं पाणी मात्र जमिनीत घालण्यासारखं असतं. 400 चौरस मीटर गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस म्हणजे 8,000 लिटर, ओलाव्यात आणि उडून जाणारं वजा केलं तरी साडेसहा हजार तरी हाती लागतं. पहिल्या सरीचे 400 ते 800 लिटर बाहेर सोडा, त्यात धूळ आणि कबुतरांची घाण असते. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नका. मातीतून गाळलं न जाता ते थेट खडकाच्या भेगांत जातं आणि शेजारच्या बोअरमध्येही पोचतं.

गच्चीचं पाणी मुरवायला शोषखड्डा खणला की भरण्याआधी त्यात फूटभर पाणी सोडा. मुरूम असेल तर काही तासांत उतरतं. खाली अखंड काळा पाषाण लागला असेल तर दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असतं. तिथे खड्डा भरून पैसे घालवू नका, जागा बदला. भरताना तळाशी मोठे दगड, वर 40 आणि मग 20 मिलिमीटरची खडी, सगळ्यात वर जाड वाळू. वाळू आणि खडीच्या मध्ये जाळी अंथरायला विसरू नका, नाहीतर दोन पावसांत वाळू खाली गळते. वरचा गाळाचा थर मे महिन्यात खरवडून काढावा लागतो, साधारण दोन बोटं.