हनोईतला शेवटचा रविवार

परतीच्या आदल्या दिवसासाठी एकही प्रेक्षणीय स्थळ राखून ठेवू नये, असं माझं आता ठाम मत झालंय. हॉस्टेलमधले बाकीचे नेमकं उलट करतात. एखादं म्युझियम, एखादं देऊळ शेवटच्या दिवसावर ढकलतात आणि मग अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवून ते उरकतात. मी साहित्य मंदिर, म्हणजे इथलं कन्फ्यूशियसचं जुनं देऊळ, आधीच निवांत पाहून घेतलं होतं. ते १०७० साली बांधलेलं. तिथे जुन्या काळी सर्वोच्च परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेल्या ८२ शिळा दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या आहेत. रविवार मात्र कोरा ठेवला.

मला परत यायचं नाहीये, हेही आत्ताच सांगून टाकते. हे वाचून आईचा फोन येणार, येऊ दे. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, पंचवीस डॉलर भरायचे. व्हिसात दिवस शिल्लक आहेत, रजा संपली.

पण खरं कारण ऑफिस नाही. बडोद्यात दांडिया बाजारातून रात्री नऊला एकटी चालत निघाले, की मी घरी पोचायच्या आत आजीला बातमी लागलेली असते. वाईट कोणी काही बोलत नाही. "कुठे निघालीस गं?" "तू त्यांचीच नात ना?" "आई बरी आहे?" सगळं प्रेमानेच, पण विचारतात. हनोईत मी कोणाचीच नात नव्हते. रात्री अकराला रस्त्यावर प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर गुडघे छातीशी घेऊन बसले, तरी वळून बघणारं कोणी नव्हतं.

तर रविवार. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात. बडोद्यात सुरसागर तळ्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला ऐन गावात तळं असण्याचं काय कौतुक? पण तळ्याकाठी हॉर्नच ऐकू येत नाही, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. सकाळी पासष्टीच्या पुढच्या बायका लाल पंखे घेऊन ओळीत कवायत करत होत्या. पलीकडे एक आजोबा सायकलच्या कॅरियरला स्पीकर बांधून आले, आणि बघता बघता आठ-दहा जोड्या गिरक्या घ्यायला लागल्या. तळ्याची गोष्ट अशी सांगतात, की पंधराव्या शतकात ले लोइ राजाला चिनी मिंग फौजेशी लढायला एक दैवी तलवार मिळाली. लढाई जिंकल्यावर तो इथे नौकेतून चालला असताना एक मोठं कासव वर आलं आणि तलवार परत मागून घेऊन गेलं. राजाने निमूट देऊन टाकली म्हणे. मी असते तर मुदतवाढ मागितली असती.

मग अंड्याची कॉफी. आमच्या घरात अंडं येत नाही, त्यामुळे पुढचे चार ओळींचे वर्णन आजीला वाचून दाखवू नये. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ग्यांग यांनी ही काढली. बलक आणि गोड घट्ट दूध फेस येईपर्यंत घोटतात आणि कडक काळ्या कॉफीवर ओततात. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात, म्हणजे वरचा थर निवत नाही. आधी चमच्याने पिवळा फेस खायचा, मग खालची कॉफी ढवळून प्यायची. चव? कॉफीत बुडवलेल्या बासुंदीच्या सायीच्या जवळपास. वास येत नाही, आई, खरंच.

शाकाहाराचं म्हणाल तर "चाय" अशी पाटी शोधायची, ते शाकाहारी. अमावास्या-पौर्णिमेला इथले बरेच बौद्ध लोक मांसमासे टाळतात, त्या दिवशी चंगळ. एरवी भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतो, तेवढं विचारून घ्या.

तिथेच बसून पाकीट उपसलं. डोंग, म्हणजे इथलं चलन, बडोद्यात कोण बदलून देणार? वीस हजाराच्या नोटेवर होई आनचा जपानी पूल, पन्नास हजारावर हुए शहर, दोन लाखावर हालाँगचे डोंगर, एक लाखावर तेच साहित्य मंदिर. फिरले ते बहुतेक सगळं पाकिटात होतं, आणि आता तेच खर्चून संपवायचं होतं. आकड्यांनी दचकू नका, एक लाख म्हणजे आपले तीनशे-साडेतीनशे रुपये. दचकायचं असेल तर याला दचका: पाच लाख आणि वीस हजार, दोन्ही नोटा निळसर. अंधारात टॅक्सीवाल्याच्या हातात देताना शून्यं मोजा.

दुपारी लाँग बिएन पुलावर गेले. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये लाल नदीवर बांधलेला. अमेरिकन विमानांनी १९६७ मध्ये आणि १९७२ मध्ये बाँब टाकले. मोडलेले गाळे पुन्हा उभे केले, पण वरच्या कमानी सगळीकडे परत आल्या नाहीत, त्यामुळे पूल मध्येच उंच, मध्येच सपाट दिसतो. मधून आगगाडी, दोन्ही बाजूंनी स्कूटरी, आणि कडेला पायी चालणाऱ्यांसाठी सिमेंटच्या फरशा. फरशांच्या फटीतून खाली नदी दिसते. देशभर गाड्या उजवीकडून चालतात, या पुलावर मात्र डावीकडून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रस्ता ओळखीचा वाटला! पुलाच्या मध्यावर एक बाई शेगडीवर मक्याची कणसं भाजत होती. तिखट-मीठ-लिंबू नाही, नुसतं कणीस. आपल्याकडे हे कोणी खपवून घेणार नाही.

खरेदीचं सांगते, कारण "काय आणलंस?" हे विचारायला सगळे टपून बसलेत. परदेशातून काहीतरी आणायची बडोद्याला सवय जुनीच. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेची ग्रंथालयं बघून आले आणि १९१० मध्ये तिथून बॉर्डन नावाचे ग्रंथपालच आणवले, संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभं करायला. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. सात किलोच्या पिशवीत ॲल्युमिनियमची कॉफीची गाळणी आणि कमळाच्या बियांचा गोड खाऊ बसला. रेशीम नाही. मावशी, सॉरी.

संध्याकाळी नेहमीच्या चहाच्या ठेल्यावर. फुटपाथवर एक आजी, एक थर्मास, बर्फाची डबडी, बस. बर्फ घातलेला फिका हिरवा चहा, आणि सोबत चक्क शेंगदाण्याची चिक्की, पातळ, तीळ लावलेली. मी रोज यायची, बसायची, पैसे ठेवून जायची. बोलणं काही नाही, आणि तेच मला आवडायचं. आज मी फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमध्ये बोलून तिला दाखवलं: उद्या घरी चालले. तिने फोन हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. वय किती? लग्न झालं? का नाही? भावंडं किती? आई एवढ्या लांब एकटीला पाठवते कशी? शेजारच्या स्टुलावरचे दोघे सरकून जवळ आले आणि त्यांनीही भर घातली. इथे समोरच्याचं वय कळल्याशिवाय त्याला काय म्हणायचं हेच ठरत नाही, त्यामुळे तो प्रश्न सगळ्यांना पहिलाच. म्हणजे इतके दिवस मी सुटत होते, ते निव्वळ भाषा येत नव्हती म्हणून. निघताना तिने चिक्कीची पुडी हातात कोंबली आणि पैसे घेतले नाहीत. पिशवीत जागा नव्हती, म्हणून अर्धी तिथेच खाल्ली.

मग आईचा फोन. इथे घड्याळ दीड तास पुढे, त्यामुळे माझी झोपायची वेळ म्हणजे तिची कुकर लावायची. अहमदाबादला उतरणार, तिथून बसने येईन, स्टँडवरून रिक्षा, असं तिला सांगितलं. मागून बाबांचा आवाज आला, "मी गाडी घेऊन येतो." मी म्हटलं, बाबा, एवढं शंभर किलोमीटर कशाला, मी येते की. ते म्हणाले, "बरं, नाही येत." पाच मिनिटांनी व्हॉट्सॲपवर मेसेज आला: टर्मिनल कुठलं?