तुम्ही विचारलंत म्हणून: चार रॅपर एका गाण्यात मावतात कसे?

जुने, मुरलेले रॅपर एकत्र अल्बम करतात तेव्हा खरंच एका खोलीत बसतात, की जो तो आपला तुकडा पाठवून मोकळा होतो? हिप-हॉप ऐकणारे हे हमखास विचारतात. पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: एवढी मोठी नावं असून असे अल्बम बरेचदा फिके का पडतात?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. बहुतेक काम फाइली पाठवूनच होतं आणि त्यात वावगं काही नाही. फिकेपणाला वयही फारसं जबाबदार नसतं. घोळ होतो तो मापात, आणि कात्री कोणाच्या हातात आहे यात.

माउंट वेस्टमोर या अमेरिकन रॅपरांच्या चौकडीचंच घ्या. स्नूप डॉग, आइस क्यूब, ई-४० आणि टू शॉर्ट. २०२० च्या टाळेबंदीत चौघांनी हात मिळवला, तेव्हा सगळे पन्नाशीच्या अल्याड-पल्याड होते. दोघं लॉस एंजेलिसच्या बाजूचे, दोघं वर ओकलंड-व्हॅलेहो पट्ट्यातले. २०२२ च्या जूनमध्ये त्यांचा अल्बम 'बॅड एमएफज' आधी फक्त ब्लॉकचेनवर (डिजिटल मालमत्तेच्या नोंदणी-जाळ्यावर) आला आणि डिसेंबरमध्ये 'स्नूप क्यूब ४० शॉर्ट' सगळ्यांसाठी.

आता हिशोब करा. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोके) बीटवर, म्हणजे रॅपखाली वाजणाऱ्या संगीतावर, एक बार म्हणजे चार ठोके, २.६७ सेकंद. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाला १६ बार दिले तर चौघांचे ६४ होतात, म्हणजे पावणेतीन मिनिटांहून थोडे जास्तच. आठ बारांचा हुक (धृपद) चारदा घेतला की आणखी ३२, सुरुवातीचे चार. एकूण १०० बार, साधारण साडेचार मिनिटं. आजच्या श्रोत्यासाठी हे लांबलचक आहे. १२-१२ बार आणि हुक तीनदा केला तर ७६ बार होतात, गाणं तीन मिनिटं तेवीस सेकंदांत आटपतं. पण ज्याने तीस वर्षं १६ बारांत विचार केलाय, त्याची शेवटच्या चार बारांतली कलाटणीच नेमकी उडते. म्हणून १६ लिहून घेऊन ते कापून १२ करू नयेत. बीट पाठवतानाच १२ सांगावेत. प्रत्येक गाण्यात चौघांनी असलंच पाहिजे असाही काही नियम नाही. दोघांची काही गाणी, तिघांची काही, चौघांची मोजकी, असं वाटप केलं की अल्बमला श्वास घ्यायला जागा मिळते. मोठ्या नावांच्या बाबतीत मात्र मानपान आडवा येतो आणि सगळेच सगळीकडे दिसतात.

कोण कोणानंतर येतो, हा क्रमही जपावा लागतो. क्यूबचा आवाज छातीतून येतो, ठोक्यावर आदळतो. स्नूप ठोक्याच्या किंचित मागे, सैल चालतो. क्यूबनंतर स्नूप आला की कानाला उतार मिळतो. उलट लावलं तर स्नूप झोपेत बोलल्यासारखा वाटून जातो. ई-४० एका बारमध्ये अक्षरं कोंबतो, मध्येच सूर वर नेतो, त्यामुळे त्याच्या आधी टू शॉर्टची सरळ, मोकळी ओळ शोभते. या दोघांनी २०१२ मध्येच 'हिस्टरी' नावाने जोडीचे अल्बम केले होते, एकमेकांची चाल त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे.

फाइलींच्या भानगडीत चुका ठरलेल्या असतात. रॅपरला एमपीथ्रीचा बीट पाठवला, त्याने त्यावर आवाज भरला आणि इकडे तो आवाज मूळ, न दाबलेल्या वेव्ह फाइलवर ठेवला की सगळं जरासं सरकलेलं लागतं. एमपीथ्री बनताना आणि उघडताना सुरुवातीला रिकामी जागा शिरते, साधारण २५ मिलिसेकंद किंवा अधिक. ९० बीपीएमला बारचा सोळावा भाग १६७ मिलिसेकंदांचा. त्यामानाने २५ किरकोळ दिसतात, पण ज्याची सगळी कला ठोक्याच्या किती मागे राहायचं यातच आहे, त्याच्यासाठी तो फरक जीवघेणा आहे. मग लोक म्हणतात, म्हातारा झाला, ताल सुटला. बीट वेव्हमध्येच पाठवावा, पहिल्या बारपासून, वर बीपीएम लिहून. आवाज परत येताना तोही शून्यापासून सुरू होणारा, २४ बिट, रिव्हर्ब (घुमारा) किंवा कंप्रेशन (आवाजाचे चढउतार दाबणं) न लावलेला हवा. अ‍ॅडलिब (ओळींमधले उद्गार) आणि डबल (तीच ओळ पुन्हा भरलेली) वेगळ्या ट्रॅकवर. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) आधी ठरवा: ४४.१ किलोहर्ट्झची फाइल न बदलता ४८ वर वाजली, तर ती जवळपास नऊ टक्के जलद आणि दीड सेमिटोन (अर्धस्वर) वर जाते. सगळा आवाजच असा आला असेल तर चूक लगेच कळते. एखादा अ‍ॅडलिब तेवढा असा आला असेल, तर मास्टरिंगपर्यंत (शेवटचा हात फिरेपर्यंत) कोणाच्या लक्षात येत नाही.

चार ठिकाणचे चार माइक, चार खोल्या. मिक्स करणाऱ्याने आधी चौघांना कुठलीही सजावट न करता एका पातळीवर आणावं. माइकच्या फार जवळ बोलल्याने फुगलेला खर्ज, म्हणजे ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं, काढून टाकावं, 'स' आणि 'श' ची धार पाच ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास दाबावी. मग सगळ्यांना एकच छोटा रिव्हर्ब द्यावा, म्हणजे चौघं एकाच खोलीत उभे असल्याचा भास होतो. खोलीचा घुमारा आवाजात भिनला असेल तर तो नीट निघत नाही, पुन्हा रेकॉर्ड करणं स्वस्त पडतं. पन्नाशीनंतर दमही कमी पुरतो, म्हणून दोन-दोन बारांचे पंच-इन होतात (तुकडे वेगळे भरून जोडले जातात). त्यात श्वासांचे आवाज सरसकट कापले की माणूस यंत्रासारखा बोलतो. निम्मे तरी राहू द्यावेत.

आता कात्रीकडे येऊ. रन द ज्युअल्स ही किलर माइक आणि एल-पी यांची जोडी. दोघंही १९७५ चे. २०१२ मध्ये माइकचा एकल अल्बम एल-पीने निर्माता म्हणून केला, २०१३ च्या जूनमध्ये जोडीचा पहिला अल्बम फुकट डाउनलोडला ठेवला. बीटची दिशा एकाच कानातून ठरते आणि तो कान स्वतः रॅपही करतो, त्यामुळे व्हर्स (एका रॅपरचा सलग भाग) कुठे तोडायचा, एकाची ओळ दुसऱ्याने कुठे उचलायची हे बीट घडतानाच ठरतं. मला त्यांचे अल्बम माउंट वेस्टमोरपेक्षा कितीतरी घट्ट वाटतात, याचं कारण हेच. माउंट वेस्टमोरमध्ये वेगवेगळ्या निर्मात्यांचे बीट आणि समान मानाचे चार मालक. "तुझा हा व्हर्स नको" हे क्यूबला सांगणार कोण?

पैशाचं बोलणं गाणं संपायच्या आत उरकावं. अमेरिकेत रिवाज असा की रचनेचा निम्मा वाटा बीटवाल्याचा, निम्मा शब्दवाल्यांचा. चौघं असतील तर प्रत्येकी साडेबारा टक्के. लेखी काहीच नसेल तर कायदा सहलेखकांना समान धरतो, मग १६ बार लिहिणारा आणि हुकमध्ये एक ओळ टाकणारा एका पंक्तीत बसतात. सॅम्पल (दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेला तुकडा) असेल तर परवानग्या दोन: ध्वनिमुद्रणाची वेगळी, रचनेची वेगळी. रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या १९९१ च्या सॅम्पलच्या खटल्यातल्या निकालापासून "छोटासाच तुकडा आहे" ही सबब धोक्याची झाली. आपल्याकडे मराठीत रॅप करणाऱ्या पोरांनीही वाट्याच्या कागदावर सह्या करून शब्दकार म्हणून आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे) नोंद करावी. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क पक्का केलाय, पण नाव नोंदलेलंच नसेल तर पैसे येणार कुठून?

एक काम सगळेच विसरतात. मिक्स संपतानाच प्रत्येक गाण्याच्या जादा फाइली काढून ठेवा: फक्त बीट, हुकसह बीट, आणि एकेका रॅपरचा व्हर्स वगळून उरलेलं गाणं. चौघांच्या तारखा एका शोसाठी जुळणं दुर्मीळ. तिघंच आले तर गैरहजर माणसाचे १२ बार ऐन वेळी लॅपटॉपवर कापत बसावं लागत नाही.