घेतो म्हणू नका

रिमांडच्या दिवशी आरोपी आमच्या वाट्याला येतो तो जेमतेम दहा मिनिटं. मी लोकअभिरक्षक कार्यालयात काम करतो. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारी खर्चाने मिळणारा वकील, तो मी. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर पुस्तकं चाळत बसतो. प्रत्यक्षात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, व्हरांड्यात उभं राहून, हातात रिमांड रिपोर्ट धरून, हवालदार शेजारी कान देऊन उभा असताना, माणसाला त्याची सगळ्यात अवघड गोष्ट विचारायची असते.

त्या दिवशी यादीत त्याचं नाव चौथं होतं. नावावरून ओळख पटली नाही, चालीवरून पटली. उजवा पाय ओढत होता, पण डावा खांदा पुढे काढून चालायची ढब तीच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून मी ती ढब दहा-बारा सामन्यांत तरी पाहिलीय. ओळख पटेल असं बाकी सगळं मी या लिखाणात बदललंय, आणि त्याची पेठ तर सांगतच नाही. कोल्हापुरात पेठ सांगितली की घर सापडतं.

बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं कुस्तीच्या तालमींची, पण पोरं चेंडूमागे पळतात. विश्वचषक आला की चौकाचौकात मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात. अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून प्रत्येक पेठेला आपला एक अनिकेत हवा होता. आमच्या विरुद्ध पेठेला हा मिळाला होता. ८५व्या मिनिटाला, बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असताना, हा पहिल्या मिनिटासारखा सुटायचा. आमच्या गॅलरीत कुणीतरी हमखास म्हणायचं, "हा काय खाऊन येतो रं?" कौतुकानेच म्हणायचं. मीही म्हटलंय.

रिमांड रिपोर्टमध्ये मला आधी वजन बघायची सवय. एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या, पाच पुड्या, वजन "पुडीसह २.७ ग्रॅम". पंचनामा लिहिणाऱ्याला झिपलॉकच्या पट्टीचा रंग लिहायला तीन ओळी मिळाल्या, निव्वळ वजन लिहायला एक शब्द मिळाला नाही. आणि सगळा खेळ तिथेच असतो. एमडी २ ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष. त्याच्या वर आणि ५० ग्रॅमच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. भेसळीसकट सगळी पावडर मोजायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवून दिलंय. कबूल. पण प्लास्टिक ही भेसळ नव्हे. मागे एका प्रकरणात मी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे अशाच रिकाम्या पुड्या तोलून आणल्या होत्या. तो हसला, पण त्याने तोलून दिल्या. एकेक पाव ग्रॅमच्या आसपास भरली. पाच पुड्यांचं सव्वा ग्रॅम वजा करा. माल दीड ग्रॅमच्याही आत येतो. हा हिशेब मी व्हरांड्यातच रिपोर्टच्या मागच्या बाजूला केला आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

त्याच्याकडे आणखी सापडल्या होत्या मेफेन्टरमाइनच्या तीन बाटल्या, दहा-दहा मिलिलिटरच्या. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायचं हे औषध. जिममध्ये पोरं ताकदीसाठी टोचून घेतात. खेळाडूंसाठी ते उत्तेजक म्हणून बंदी असलेल्या यादीत आहे. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, यादीत मात्र नाही, मग पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम १२३ लावतात. विष देऊन इजा करणे, पुन्हा दहा वर्षांपर्यंत. ते वाचलं की मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, विष दिलं कुणाला? याच्या बाबतीत उत्तर त्याच्या दंडावर होतं. फुल शर्टाची बाही त्याने मनगटापर्यंत बटण लावून बंद केली होती. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर "प्रकृती ठीक" एवढंच होतं. बाही वर करायला सांगायची तसदी कुणी घेतली नसावी.

मी त्याला समजावलं. एनडीपीएसमध्ये ६४अ नावाचं एक कलम आहे. माल अल्प प्रमाणात असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, उपचार पुरे केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. बाटल्या स्वतःसाठी होत्या म्हटलं की १२३चाही पाया निघतो. दोन्ही कुलपांना एकच किल्ली: "मी घेतो" एवढं म्हण.

तो हवालदाराकडे पाठ करून माझ्या कानाशी आला. "साहेब, विकतो म्हणा. घेतो म्हणू नका."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"केस काय, सुटते कधीतरी. केस असलेली किती पोरं खेळत्यात. पण घेतो म्हटल्यावर मला कोण उतरवणार? तालमीत काय तोंड दाखवू?"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं, पण व्यायामाकडे, फिजिओकडे पाठ फिरवली. सीझन गेला, पुढचाही गेला. तालमीने बाहेरून दोन खेळाडू पैसे देऊन आणले. इंजेक्शन सतरा वर्षांचा असताना सुरू झालेलं, सामन्याच्या दिवसापुरतं. खेळ सुटला, ते सुटलं नाही. पुढे एमडी, आणि एमडीच्या पैशासाठी एमडीच्याच पुड्या पोचवायचं काम. हे सगळं त्याने दोन मिनिटांत सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की दिवाळीनंतर तो परत मैदानात येणार आहे.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पोलिसांविरुद्ध काही तक्रार?

"उजवा गुडघा," तो म्हणाला.

तपास अधिकाऱ्याची मान झटकन वर आली. साहेबांनी पेन उचललं. "मारहाण झाली?"

"न्हाई. जुनं हाय. मॅचमधलं."

मागच्या बाकावर हसू फुटलं. साहेब हसले नाहीत.

पोलिसांनी पाच दिवस मागितले. मी पुड्यांचं वजन मांडलं, निव्वळ वजनाचा मुद्दा रोजनाम्यात घ्यायला लावला. ६४अ बद्दल बोललो नाही. अशिलाने नको म्हटल्यावर बोलता येत नाही. दोन दिवसांची कोठडी मिळाली. बार रूममध्ये एक ज्येष्ठ वकील चहा पिताना म्हणाले, "आमच्या तालमीला फायनलात हरवलं होतं त्यानं, बसू दे आत." विनोद होता. कोल्हापुरात तो विनोद चालतो. मीही हसलो असेन.

त्याची आई खाली, पार्किंगजवळ उभी होती. धुण्याभांड्याची कामं सोडून आली होती. तिला मी एमडीचं सांगितलं, तिला ते नीट कळलं नाही. बाटल्यांचं सांगितलं, ते मात्र लगेच कळलं. "ते व्हय? ते ताकदीचं इंजेक्शन. डॉक्टरनं दिलंय म्हणाला. मीच पैसं देत हुते की त्याला महिन्याला."

म्हणजे साक्षीदार माझ्यासमोर उभा होता. पोरगा स्वतःसाठी घेतो, कित्येक महिन्यांपासून घेतो, हे सांगणारं घरातलं माणूस. तिचं प्रतिज्ञापत्र केलं तर १२३ डळमळतं, अर्धं काम होतं. अर्धंच, ६४अ ला त्याचा स्वतःचा होकार लागतो. आणि पोराच्या इच्छेविरुद्ध त्याच्या आईकडून ते वदवून घ्यायचं, तेही ती काय सांगतेय हे तिलाच ठाऊक नसताना? ती इंजेक्शनं कशाची होती हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. वकील म्हणून नको म्हणून, की तिच्या तोंडाकडे बघवलं नाही म्हणून, मला ठरवता येत नाही.

तो आता कळंब्याच्या जेलात आहे. जामीन अर्जाची तारीख लागलीय. परवा रात्री तिचा फोन आला. भेटायला गेली होती, पोराचा गुडघा सुजलाय, रात्री झोप लागत नाही, घाम फुटतो, अंग थरथरतं. मग जरा थांबून तिने विचारलं, "साहेब, ते इंजेक्शन आत देता येतं का हो? मी आणून देते."

मी नाही म्हणालो. जेलच्या डॉक्टरला दाखवायला अर्ज करतो म्हणालो, आणि अर्जात त्रासाचं कारण काय लिहायचं यावर तासभर बसून राहिलो.