आमची वाटचाल : नानांची छापांची वही

धुळ्यात आग्रा रोडपासून दोन गल्ल्या आत आमचं दुकान आहे. पाटीवर 'शस्त्र दुरुस्ती' एवढंच लिहिलंय. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती रंगवून घेतली त्यानंतर आम्ही तिला हात लावलेला नाही. आबा मूळचे कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करणारे. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ च्या ऑक्टोबरात लागू झाला, त्यानंतर त्यांनी रीतसर दुरुस्तीचा परवाना काढला. तेव्हा शिरपूर-चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बऱ्याच शेतकऱ्यांकडे ठासणीच्या बंदुका असायच्या. कुणाचा घोडा ढिला, कुणाची कमान, म्हणजे घोड्याची स्प्रिंग, तुटलेली, कुणाचं टोपी बसवायचं निपल झिजलेलं. त्या कामावर आमचं घर उभं राहिलं.

आबांना भागीदार मिळाला तो बऱ्हाणपूरचा एक कारागीर. आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणायचो. लिखापढी कसलीच नाही. गल्ल्यातले पैसे संध्याकाळी दोन ढिगांत वाटायचे, बस्स. चाचांच्या हातात कानस असली की आवाज वेगळाच यायचा, लांब, एकसारखा, मध्ये न अडखळणारा. त्यांची बारीक दातांची अर्धगोल कानस आजही माझ्या पेटीत आहे. तिला मूठ बोरीच्या लाकडाची. पेचकस ते विकत घेतच नसत, प्रत्येक जुन्या स्क्रूच्या खाचेप्रमाणे स्वतः घासून घ्यायचे. पंचवीस-तीस पेचकस ओळीनं टांगलेले असायचे. जुन्या शस्त्राच्या स्क्रूची खाच कुरतडलेली दिसली तर समजावं, आधी कुणीतरी घाईनं आत शिरलंय. मी आजही नग हातात घेतला की नळीकडे नंतर बघतो, आधी स्क्रूंची डोकी बघतो.

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुकानात एकच नवी गोष्ट आणली. वही. नग आला की तो उघडायच्या आधी त्यावरचा प्रत्येक नंबर, प्रत्येक शिक्का ते पतंगाच्या पातळ कागदावर उतरवून घ्यायचे. कागद धातूवर ताणून धरायचा आणि वरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवायचं. नग परत देताना पुन्हा तीच छाप, आणि दोन्ही छापांवर अर्धी कागदावर, अर्धी वहीत अशी गिऱ्हाइकाची सही. चाचा वैतागायचे, "नाना, अर्धा दिवस तर तुमच्या चित्रकलेत जातो." नाना काही बोलायचे नाहीत.

१९८७ साली तापीकाठच्या एका वाड्यावरून एक पेटी आली. आत १८५१ च्या नमुन्याचं कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हर. पॉइंट छत्तीस बोअर, सहा खणांचं सिलिंडर, साडेसात इंची अष्टकोनी नळी. नळीवर लंडनचा पत्ता. कोल्ट ही अमेरिकी कंपनी, तिचा लंडनचा कारखाना १८५३ ते १८५६ एवढीच वर्षं चालला, त्यामुळे असा नग हातात आला की चाचांसारखा माणूससुद्धा हात पुसून बसायचा. कमान तुटली होती. चाचांनी नवी घडवली आणि जुनीचे दोन्ही तुकडे पाकिटात घालून पेटीतच परत दिले. आमचा तो नियमच आहे. काढलेला भाग कचऱ्यात जात नाही, मालकाकडे जातो.

या रिव्हॉल्व्हरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. कोल्टचे भाग यंत्रावर बनायचे, पण शेवटचा हात कानशीचाच. एका नगाचं सिलिंडर दुसऱ्याला तंतोतंत बसेलच असं नाही. म्हणून जुळवताना घोटाळा होऊ नये यासाठी नळी, बॉडी, चापाचं कडं, मुठीचं मागचं पातं, सिलिंडर या सगळ्यांवर तोच नंबर ठोकलेला असतो. लहान भागांवर जागा नसते, तिथे शेवटचे आकडे. नळी जागेवर धरून ठेवणारी जी पाचर असते तिच्यावरसुद्धा. अक्रोडाची मूठ काढली तर आतल्या खोबणीत शाईनं लिहिलेला नंबर कधी कधी अजून वाचता येतो. आणि सिलिंडरवर रूळ फिरवून उठवलेलं चित्र असतं: १६ मे १८४३ ची टेक्ससच्या आरमाराची लढाई, गलबतं, शिडं, धूर. हाताळून हाताळून ते पुसट होत जातं. वाड्यावरच्या नगात पाचरीसकट सगळे नंबर जुळत होते आणि चित्रातल्या एका गलबताच्या शिडावरून एक तिरपा ओरखडा गेलेला होता. नानांच्या छापेत तो ओरखडा पांढऱ्या रेघेसारखा उमटलाय.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. नाना गेले, चाचा गेले, मी गादीवर आलो.

२०११ च्या उन्हाळ्यात दुकानासमोर पोलिसांची गाडी थांबली. वाड्यावरच्यांनी मधल्या काळात ते रिव्हॉल्व्हर एका मोठ्या शहरातल्या नामांकित विक्रेत्याकडे पॉलिश आणि मूल्यांकनासाठी दिलं होतं. आता दुसऱ्या जाणकारानं बघितलं तर सिलिंडर मूळचं नाही. पेटीत पावती होती आमच्या दुकानाची, १९८७ ची. त्या विक्रेत्यानं हात झटकले, "धुळ्याच्या मिस्त्रीनं बदललं असेल." एवढ्या एका वाक्यावर माझं कपाट सील झालं आणि परवान्याचं नूतनीकरण अडकलं. दोन वर्षं चार महिने.

त्या दिवसांबद्दल काय सांगू. ज्यांच्या तीन पिढ्यांच्या बंदुका आमच्या हातून गेल्या, ती माणसं रस्ता बदलून जायला लागली. नकाण्याकडचा प्लॉट विकला. मी दुकान रोज उघडायचो, झाडायचो आणि बसायचो, कारण बंद ठेवलं असतं तर लोकांनी तोच कबुलीजबाब मानला असता.

येत होते फक्त शिरपूरकडचे एक पाटीलबाबा. त्यांची ठासणीची बंदूक आबांच्या काळापासून आमच्याकडे. दर मंगळवारी एसटीनं यायचे, खांद्यावर दादरच्या ज्वारीची पिशवी, बाकावर टेकायचे. काम नाही, बोलणं नाही. कुणी आत डोकावलं की मोठ्यानं म्हणायचे, "मना आजानी बंदूक आठेच नीट व्हयेल शे." माझ्या आजाची बंदूक इथेच नीट झालीय, एवढंच. मी त्यांचे पैसे कधी घेतले नाहीत, तेही कधी ज्वारी परत न्यायचे नाहीत.

वही पोलिसांकडे जमा होती. चौकशीच्या दिवशी मी हट्ट धरला की रिव्हॉल्व्हर आणि वही एकाच टेबलावर ठेवा. मी भिंग घेऊन गेलो होतो. पाचर लाकडी मोगरीनं हलकेच सोडवली, लोखंडी हातोड्यानं कधीही नाही, आणि सिलिंडर उतरवून पांढऱ्या रुमालावर ठेवलं. गलबतं नव्हतीच. साधं, गुळगुळीत लोखंड. पाठीमागे भिंगातून एक लंबगोल दिसला, आत ई-एल-जी अशी अक्षरं. हा बेल्जियममधल्या लिएज गावच्या परीक्षागृहाचा, म्हणजे शस्त्र बार काढून तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का. लंडनच्या नगावर लंडनच्या परीक्षागृहाची मुकुटाची खूण हवी. ती नळीवर होती, सिलिंडरवर नव्हती. नंबर मात्र जुळत होता! तिथेच चोरी उघडी पडली. नळीवरच्या आकड्यांच्या खोलात दीडशे वर्षांचा काळेपणा बसलेला, सिलिंडरवरच्या आकड्यांच्या तळाशी लोखंड चकाकत होतं. कडा बोटाला लागत होत्या आणि भोवतालची जागा किंचित खोलगट होती, म्हणजे आधीचा आकडा घासून काढून वर नवा ठोकलेला. मग मी वहीतलं १९८७ चं पान उघडलं. गलबतं, शिडं आणि तो तिरपा ओरखडा. आल्याची छाप, दिल्याची छाप, दोन्हीवर वाड्यावरच्या थोरल्या मालकांची सही.

साहेबांनी पतंगाचा कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघितला. सहा आठवड्यांनी कपाटाचं सील निघालं. त्या विक्रेत्याला कुणी काही विचारलं का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानं ना माफी मागितली, ना चौकशी केली. त्याचं दुकान आजही काचेचं आहे.

ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांचं असं काही असेल त्यांना माझं सांगणं आहे. आधी कागदपत्रं तपासा. जुनं आहे म्हणजे परवान्याचा प्रश्नच नाही, असं स्वतःच ठरवू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. नग रिकामा आहे की नाही हे जाणकाराकडूनच बघून घ्या. चिंच-मिठानं पितळ घासू नका, बफिंगच्या चाकाजवळ तर नेऊच नका. तपकिरी झाक गेली की ती परत येत नाही. मूठ कोरडी पडली असेल तर जवसाच्या तेलाचं एक बोट पुरे. आणि नंबर जुळला नाही म्हणून लगेच कुणाला चोर म्हणू नका. छावणीतला कारागीर दहा रिव्हॉल्व्हरं एकाच परातीत उघडायचा, जोडताना पाचरी इकडच्या तिकडे व्हायच्या. असा न जुळणारा भागसुद्धा त्या शस्त्राचा इतिहासच असतो. तो भाग त्याच काळाचा, तितकाच झिजलेला, सोबतीनं म्हातारा झालेला दिसतो. नंबर जुळत नाही पण वय जुळतं, तो बदल जुना. नंबर जुळतो पण वय जुळत नाही, तिथे थांबा.

आमच्याकडे पाचर हरवलेला नग आला तर मी नवी घडवतो, पण तिच्यावर नंबर ठोकत नाही. दोन गिऱ्हाइकं त्यावरून तोंड फिरवून गेली. "चार आकडे तर ठोकायचेत, काय जातं तुमचं?" म्हणाली. मी नवा भाग कोरा ठेवतो, आतल्या बाजूला बारीक अक्षरात साल घालतो आणि मालकाला तसं लिहून देतो.

मागच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वाड्यावरचा नातू पेटी घेऊन आला, हातात पोलिसांचं आणि कार्यालयाचं पत्र. पूजेत ठेवायचंय, तेवढं साफ करून द्या, म्हणाला. झाल्या प्रकाराबद्दल बोलला नाही, मीही नाही. सिलिंडर फिरवून बघितलं तर ते जागेवर थांबवणारा बॉडीतला अडसर खाचेत उशिरा पडत होता, कडेला घासून गेल्याची नवी रेघ उठलेली. परक्या घरचं सिलिंडर, ते तसंच वागणार. अडसर घासून जुळवून दे, असं नातू म्हणाला. मी नाही म्हटलं. मूळचं सिलिंडर कुठेतरी आहे, ओरखड्यासकट, आणि ते सापडलं तर याच बॉडीत बसायला हवं, म्हणून या बॉडीतलं काहीही मी घासणार नाही. तेल दिलं, गंज मऊ कापडानं टिपला, मूठ पुसली. कमानीच्या तुकड्यांचं ते १९८७ चं पाकीट पेटीत अजून होतं, वर चाचांच्या हातचं उर्दू.

मग मी पतंगाचा कागद काढला, छाप घेतली. साधा लंबगोल शिक्का आणि चार आकडे. त्यानं अर्धी कागदावर, अर्धी वहीत सही केली आणि पान उलटून आजोबांची सही बघत उभा राहिला.