अमेरिकेचा गहू, मनसरचं मँगनीज आणि वॉशिंग्टनचे कागद

अमेरिकेच्या राजकारणावर मत नाही असा माणूस नागपुरात शोधून सापडायचा नाही. धरमपेठेतल्या कुठल्याही पानठेल्यावर दहा मिनिटं उभं राहा, टॅरिफ, व्हिसा, ट्रम्प, सगळं ऐकायला मिळतं आणि प्रत्येक जण असा बोलतो की जणू व्हाइट हाऊसची फाईल रात्री याच्याच घरी मुक्कामाला होती. विचारलं कुठे वाचलं, तर व्हॉट्सअॅप. फारच झालं तर यूट्यूब.

आमच्या घरी ही बाजू मोठे बाबा सांभाळतात. मनसरच्या खाणीत नोकरी झाली त्यांची, आता वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र तसाच. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "अमेरिकेनं आपल्याले फुकटचा सडका गहू देल्ला अन् वरून हे गाजर गवत देल्लं." लहानपणापासून ऐकतेय. यंदा उन्हाळ्यात कूलरसमोर बसून परत तेच सुरू झालं आणि मी म्हटलं की चला, बघूनच टाकू. अमेरिकन सरकारचे कागद बहुतेक सगळे ऑनलाइन आहेत, फुकट आहेत, आणि सरकारी छपाईवर तिथे कॉपीराइटही नसतो. मग काहून नाही बघायचं?

पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात बसवावी लागते, नाहीतर कायदा सापडतच नाही. ज्याच्याखाली अमेरिकेचा गहू भारतात आला त्याला आपण पीएल-४८० म्हणतो ना, तो काही सरकारी योजनेचा कोड वगैरे नाही. पीएल म्हणजे पब्लिक लॉ, आणि तो ८३ व्या काँग्रेसने (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपला पक्ष नव्हे) केलेला ४८० वा कायदा. तिथे दर दोन वर्षांनी काँग्रेसचा नंबर बदलतो, पहिली १७८९ ची, त्यामुळे साल माहीत असलं की नंबर काढता येतो, १९५३-५४ म्हणजे ८३ वी. पूर्ण नंबर ८३-४८०. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, त्यांनी सही केली १० जुलै १९५४ ला. हे एकदा कळलं की बाकीचे दरवाजे उघडतात, कारण तिथे सगळं नंबरावर चालतं. बिलाचा नंबर वेगळा, कायद्याचा वेगळा, कमिटीच्या रिपोर्टचा वेगळा.

काँग्रेस डॉट गव्ह ही साइट आजच्या बिलांसाठी एकदम झकास आहे, कोणी मांडलं, कोणत्या कमिटीत अडकलं, सगळं तारखेवार. पण जुन्या भांडणांसाठी गव्हइन्फो बरी. ती त्यांच्या सरकारी छापखान्याची साइट आहे, आणि तिथे काँग्रेशनल रेकॉर्डचे बांधीव खंड १८७३ पासूनचे पडलेले आहेत. काँग्रेशनल रेकॉर्ड म्हणजे दोन्ही सभागृहांत काय बोलणं झालं त्याची छापील नोंद. यात एक मेख आहे ती सांगून ठेवते. सभासदाला नंतर आपलं भाषण सुधारून वाढवून देता येतं, त्यामुळे छापलेला शब्द न् शब्द सभागृहात उच्चारला गेलाच असेल असं धरून चालू नका. न बोललेलं भाषण ओळखू यावं म्हणून खूण करायची पद्धत तर १९७८ पासूनची. १९५० च्या दशकातलं वाचताना हे डोक्यात ठेवायचं.

तर मी पीएल-४८० शोधत होते आणि सापडलं त्याच्या आधीचंच एक प्रकरण. १९५१ चं.

तेव्हा इकडे धान्याची भयंकर टंचाई होती, भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन, त्यांनी १२ फेब्रुवारी १९५१ ला काँग्रेसला संदेश पाठवला की द्या. (तो संदेश कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या विद्यापीठाने चालवलेल्या अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्टवर आहे. राष्ट्राध्यक्षांची भाषणं, संदेश, आदेश, सगळं तारीख टाकून निघतं. मला सगळ्यात जास्त उपयोग याच साइटचा झाला.) आता आपल्याला वाटतं की राष्ट्राध्यक्षाने सांगितलं म्हणजे झालं. तिथे तसं नाही. पैसा काँग्रेसच्या हातात. फेब्रुवारीत मागितलेला गहू मंजूर व्हायला १५ जून उजाडला, चार महिने, आणि तेही दान म्हणून नाही तर कर्ज म्हणून, १९ कोटी डॉलरचं.

हे चार महिने काय चाललं होतं ते रेकॉर्डच्या ९७ व्या खंडात वाचायला मिळतं आणि खरं सांगते, रात्रीचे दोन वाजले तरी सोडवत नव्हतं. कोरियाचं युद्ध सुरू आहे, चीनला आक्रमक ठरवायच्या युनोच्या ठरावाला भारताने विरोध केलाय, त्यामुळे एक गट म्हणतो की आपल्या विरोधात मत देणाऱ्याला गहू कशाला, दुसरा म्हणतो की उपाशी माणसाला मत विचारून वाढायचं का, तिसरा म्हणतो की द्या पण बदल्यात काहीतरी घ्या. बिल रूल्स कमिटीत जाऊन बसलं. रूल्स कमिटी म्हणजे हाऊसमध्ये, म्हणजे तिथल्या खालच्या सभागृहात, कोणतं बिल चर्चेला कधी येणार हे ठरवणारी, लग्नात पंगतीला कोण आधी बसणार हे ठरवणाऱ्या आत्याबाईसारखी, तिला न विचारता पान मांडता येत नाही. मध्येच इकडून रशिया-चीनकडूनही धान्य घेण्याच्या वाटाघाटी झाल्या, नेहरूंनी सांगून टाकलं की राजकीय अटी लावून मदत नको, आणि मग तिकडे धावपळ.

बदल्यात काय घ्या, तर मोनाझाइट, जे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडतं आणि त्यातल्या थोरियममुळे अणुऊर्जेच्या दृष्टीने मोलाचं होतं, ते. आणि मँगनीज!

मँगनीज शब्द दिसला आणि मी स्क्रीनसमोर सरळ होऊन बसले. अहो मँगनीज म्हणजे आमचं रामटेक-मनसर-कांद्री-गुमगाव, पलीकडे भंडारा, बालाघाट. १९५१ साली हा सगळा पट्टा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. पोलादाला मँगनीज लागतंच, अमेरिकेत ते नीट सापडत नाही, रशियाने शीतयुद्धात पुरवठा आखडला, म्हणून त्यांचं लक्ष इकडे. वॉशिंग्टनमध्ये कोट घातलेली माणसं गव्हाच्या बदल्यात मँगनीजचं बोलत होती आणि आमच्या मोठ्या बाबांच्या गावात त्याच मातीने हातपाय काळे करून लोक घरी येत होते. मंजूर झालेल्या कायद्यातही ही सामरिक मालाची सोय घातलेली आहे. कायद्याचा मजकूर स्टॅट्यूट्स अॅट लार्जच्या, म्हणजे तिथल्या कायद्यांच्या छापील संग्रहाच्या, ६५ व्या खंडात पान ६९ वर, जेमतेम दोन-तीन पानांचा, वाचायला अजिबात जड नाही.

मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. पहिली प्रतिक्रिया, "म्हंजे फुकट नोयतं?" नव्हतं ना. १९५१ चं कर्ज. आणि पीएल-४८० चा मोठा भाग होता टायटल वन, म्हणजे कायद्याचा पहिला भाग, विक्रीचा, फक्त डॉलरऐवजी रुपयांत. भारताशी पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ चा. मोठा करार ४ मे १९६० ला, त्यावर भारताच्या बाजूने सही करायला वॉशिंग्टनला गेले होते आपले मुंबईचे स. का. पाटील, तेव्हाचे अन्नमंत्री, १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, चार वर्षांसाठी. समोर स्वतः आयझेनहॉवर. शाळेत वाटलेली दूध पावडर वगैरे जे फुकटचं आपल्या आईबाबांना आठवतं ते टायटल टू, केअरसारख्या संस्थांमार्फत आलेलं, वेगळं खातं. विक्रीच्या त्या रुपयांचा इथे इतका ढीग साचला की शेवटी १९७४ मध्ये अमेरिकेचे राजदूत मोयनिहान यांनी १६६४ कोटी रुपयांचा एकच चेक भारत सरकारला परत दिला.

गाजर गवताचं मात्र घरात जोरदार भांडण झालं. सगळीकडे लिहिलेलं असतं की ते पीएल-४८० च्या गव्हातून आलं. आता तारखा बघा. पुण्यात ते दिसल्याचं १९५५ चं सांगतात, १९५६ मध्ये शास्त्रीय नोंद छापून आली, आणि पहिला करारच ऑगस्ट १९५६ चा. मग त्या गव्हातून कसं येईल बाप्पा? १९५१ च्या कर्जाच्या गव्हातून आलं असू शकतं, ते मी नाकारत नाही, पण मग बिचाऱ्या ४८० नंबरच्या कायद्यावर खापर कशाला. मोठे बाबा म्हणाले, "गहू तर अमेरिकेचाच ना." यावर काय बोलणार.

सडका गहू होता की नाही ते कायद्याच्या कागदांतून कळत नाही, त्यासाठी इथलीच वर्तमानपत्रं हवीत. म्हणून लायब्ररी. इथे जरा जीव जळतो. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात फाईली बघायला गेले तर आधी अर्ज, मग सही करणारे साहेब रजेवर, मग कपाटाची किल्ली वेगळ्या माणसाकडे. पण त्या चकरांत एक भारी गोष्ट हाती लागली. वेळ काढायला म्हणून मागच्या रॅकवरचं अमेरिकन राज्यव्यवस्थेचं एक जाडजूड पुस्तक काढलं, पाठ निसटलेली, वाळवीने कोपरा खाल्लेला, आणि आतल्या पानावर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी की हे पुस्तक व्हीट लोन कार्यक्रमातून आलेलं आहे. म्हणजे तेच कर्ज! कायद्यात तरतूदच होती की व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंत शिक्षणावर खर्च करायचे, भारतातल्या कॉलेजांना पुस्तकं, प्रयोगशाळेचं सामान, माणसांची देवाणघेवाण. व्हीट लोन एज्युकेशनल एक्स्चेंज नावाने ते चाललं. मी वर ऑनलाइन वाचलेल्या कलमाचा तुकडा असा हातात. फोटो काढू दिला नाही, नियम.

आणि याची उलटी गंमतही आहे. पीएल-४८० च्या साचलेल्या रुपयांतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ मध्ये दिल्लीत ऑफिस काढलं आणि भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. त्यामुळे इथे पंचवीस वर्षं कुणाला न मिळालेलं एखादं मराठी पुस्तक शिकागोच्या लायब्ररीत आरामात बसलेलं असतं. राग येतो की आनंद होतो ते माझं मलाच कळत नाही.

ज्यांना असलं काही शोधायचं असेल त्यांच्यासाठी अजून दोन-तीन गोष्टी, घाईत सांगते. पडद्यामागचं हवं असेल तर परराष्ट्र खात्याची फॉरेन रिलेशन्स मालिका, १८६१ पासून निघते, तारा, टिपणं, बैठकांचे वृत्तांत, सगळं त्यांच्या इतिहास विभागाच्या साइटवर फुकट. १९७१ चं युद्ध, निक्सन-किसिंजर, तो खंड २००५ मध्ये निघाला, तो वाचाच, त्यातली भाषा बघून झोप उडेल. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने १९६५ नंतर गहू कसा जहाजाजहाजाने, स्वतः बघून सोडला, तेही याच मालिकेत. काँग्रेसमध्ये कोणी कुठे मत दिलं हे व्होटव्ह्यू नावाच्या साइटवर, पहिल्या काँग्रेसपासूनचं. आजच्या एखाद्या विषयाची ओळख हवी तर काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसचे रिपोर्ट, सभासदांसाठी लिहिलेले, २०१८ पासून सगळ्यांना खुले, आणि साध्या इंग्रजीत. एमपीएससी-यूपीएससीवाल्या पोरांनी क्लासच्या नोट्स बाजूला ठेवून हे वाचावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अडलं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसला ऑनलाइन प्रश्न विचारता येतो, आस्क अ लायब्रेरियन, नागपूरहून विचारला तरी उत्तर येतं. मी विचारला होता, कुठल्या कमिटीची सुनावणी कुठे छापलीय म्हणून, एका बाईंनी खंड आणि पान लिहून पाठवलं, कपाटाच्या किल्लीचा विषयच नाही.

आता हाऊसच्या फॉरेन अफेअर्स कमिटीच्या १९५१ च्या सुनावण्या वाचायला घेतल्यात, मँगनीजवर कोण काय बोललं ते नावानिशी टिपतेय. मोठ्या बाबांना त्याचं मराठी करून पाहिजे, मोठ्या अक्षरात. कुणाच्या घरी माळ्यावर १९५१ च्या हितवादच्या किंवा तरुण भारतच्या फाईली पडल्या असतील तर कमेंटमध्ये सांगा, मी येऊन बघीन, चहाही नको.